कॉफी पिणाऱ्यांना पिऊ द्या

चहाच्या मुलखात कॉफी पिणाऱ्याला फुकटचे सल्लागार फार. ‘उष्ण पडते’, ‘हृदयाला वाईट’, ‘अंगातलं पाणी कमी होतं’, शिवाय ‘कॅन्सर होतो म्हणे’. दुसरीकडे एक नवा पंथ निघाला आहे. त्याच्या मते कॉफीने यकृत सुधारते, वजन उतरते, म्हणून ती आवडो न आवडो, औषधासारखी घ्यावी. माझे भांडण दोघांशीही आहे. पण आधी पहिल्यांशी, कारण आपल्या पाठीशी शास्त्र आहे असा त्यांचा समज आहे.

त्या शास्त्राचा एक मासला पाहा. 1981 साली हार्वर्डच्या ब्रायन मॅकमहॉन यांच्या गटाने ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिले की कॉफी पिणाऱ्यांत स्वादुपिंडाचा कर्करोग जास्त आढळतो. जगभर बातम्या झाल्या. पण कर्करोगाच्या रुग्णांची तुलना केली होती कोणाशी? त्याच डॉक्टरांच्या इतर रुग्णांशी. त्यांत पोटाच्या विकारांचे पुष्कळ होते आणि पोट बिघडलेल्या माणसाने कॉफी आधीच कमी केलेली असते. त्यांच्या शेजारी कोणालाही उभे करा, तो कॉफीबाज दिसणारच! 1986 साली याच गटाने पुन्हा तपासले तेव्हा तो संबंध टिकला नाही. पण भीती एकदा घरात शिरली की दुरुस्ती वाचतो कोण?

बाकीच्या आरोपांची गतही फारशी वेगळी नाही. 2012 साली सुमारे 4 लाख अमेरिकनांची माहिती प्रसिद्ध झाली. वरवर पाहता त्यात कॉफी पिणारे जास्त मरत होते. पण तेच लोक सिगारेटीही जास्त ओढत होते. सिगारेटीचा हिशेब वेगळा काढताच आकडे उलटे फिरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1991 साली मूत्राशयाच्या कर्करोगापायी कॉफीला संशयितांच्या यादीत घातले होते. 2016 साली त्या यादीतून काढले. त्याच वेळी 65 अंशांवरच्या कढत पेयांवर मात्र बोट ठेवले, मग पेय कोणतेही असो. आणि पाणी कमी होण्याचे म्हणाल, तर रोज कॉफी पिणाऱ्या 50 पुरुषांवर इंग्लंडात प्रयोग झाला, 2014 साली छापूनही आला. माफक कॉफी आणि पाणी यांत फरक दिसला नाही.

आता मंडन. 2017 साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दोनशेहून अधिक विश्लेषणे एकत्र चाळली. दिवसाला तीन-चार कप पिणाऱ्यांत मृत्यू, यकृताचे विकार आणि मधुमेह कमी दिसले. नवा पंथ नाचतो तो इथे. पण मॅकमहॉन यांना ज्याने फसवले तेच इथेही दबा धरून बसलेले असू शकते. प्रकृती बिघडली की माणूस कॉफी सोडतो, म्हणून कॉफी पिणारे आपोआप धडधाकट ठरतात. त्यामुळे एवढेच छातीठोकपणे म्हणता येते की माफक कॉफी बहुतेकांना बाधत नाही. थोडा गुण येत असेलही. ग्रीन कॉफीच्या गोळ्यांची तर गोष्टच सोडा. वजन झपाट्याने उतरते हे ‘सिद्ध’ करणारा 2012 चा निबंध भारतात अवघ्या 16 जणांवर केलेल्या प्रयोगावर उभा होता. 2014 साली तो मागे घ्यावा लागला.

शिवाय त्या परदेशी अभ्यासांतला कप आणि आपला कप एक नव्हे. आपल्या घरची कॉफी म्हणजे पेलाभर दूध, दोन चमचे साखर, वर किसलेले जायफळ आणि रंगापुरती पावडर. पाकीट उलटून बारीक अक्षरे वाचा. चिकोरी निम्म्याच्या आसपास निघते. कायद्याला ती 49 टक्क्यांपर्यंत चालते. असे चार पेले रिचवून मधुमेह टळेल म्हणणे म्हणजे कमालच.

कॉफीवर खरे आक्षेप आहेतच, आणि गंमत म्हणजे सल्लागारांना ते ठाऊक नसतात. कॅफीनचा निम्मा अंश पाच तासांनीही रक्तात असतो; संध्याकाळी सहाची कॉफी अकराला अंथरुणात शिरते. गरोदरपणी तर ते उतरायला आणखी वेळ लागतो, म्हणून दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये.

आणि लोहाचे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. जेवणाबरोबर घेतलेली कॉफी अन्नातले लोह पुरते अंगी लागू देत नाही. चहाही तेच करतो. ‘आयसीएमआर’ने 2024 साली जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर दोन्ही टाळायला सांगितले, कॅफीनची मर्यादा 300 मिलिग्रॅम ठेवली. 150 मिलिलिटरच्या फिल्टर कॉफीत ते 80 ते 120 असते. म्हणजे तीनेक कप झाले. लोहाच्या गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी ‘कॉफी बंद करा’ म्हणण्याऐवजी ती जेवणाच्या आसपास तर घेत नाही ना, एवढे आधी विचारावे.