पेरूचा शिपाई-अध्यक्ष आणि स्वातंत्र्याची किंमत

पेरू देशांत जुलै २०१६ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत सात व्यक्तींनीं अध्यक्षपदाची शपथ घेतली. नोव्हेंबर २०२० मध्यें तर एका पंधरवड्यांत देशानें तीन अध्यक्ष पाहिले. अशी धामधूम चालू असली म्हणजे कोणत्याही देशांत खंबीर शिपायाची आठवण निघते, आणि पेरूच्या इतिहासांत तो मान रामोन कास्तियाचा आहे. हा मान कितपत सार्थ, याचा आज विचार करूं.

कास्तिया १७९७ सालीं तारापाका प्रांतांत जन्मला. प्रथम तो स्पेनच्या राजाच्या फौजेंत होता. १८१७ त चाकाबुकोच्या लढाईनंतर कैद झाला. पुढें त्यानें स्वातंत्र्यपक्ष धरला व १८२४ त आयाकुचोच्या रणांगणावर तो जखमी झाला. १८४५ ते १८५१ हा त्याचा पहिला अधिकारकाल. सरदारांच्या बंडाळीनें गांजलेल्या त्या देशांत त्यानें आपली मुदत पुरी केली, हेंच तेव्हां नवल वाटलें!

पण त्याची कीर्ति आहे ती १८५४ च्या दोन फर्मानांमुळें. ५ जुलै रोजीं आयाकुचो येथें त्यानें मूळच्या इंडियन रयतेवरील खंडणीवजा कर रद्द केला, आणि ३ डिसेंबर रोजीं हुआनकायो येथें गुलामगिरी रद्द केली. हीं फर्मानें काढतेवेळीं कास्तिया एचेनिके या अध्यक्षाविरुद्ध बंड करून उठलेला होता. फौजेंत भरती होणाऱ्या गुलामांस मुक्त करण्याचें आमिष एचेनिकेनें नुकतेंच दाखविलें होतें. कास्तियानें त्यावर ताण करून सर्वांसच मुक्त केलें, मात्र एचेनिकेसाठीं शस्त्र धरणारे वगळले. स्वातंत्र्य हा मनुष्याचा हक्क असेल, तर तो शत्रूच्या छावणींतील गुलामास कां नसावा? या प्रश्नास त्या फर्मानांत उत्तर नाहीं.

जानेवारी १८५५ त ला पाल्माच्या लढाईंत कास्तिया जिंकला. मग नुकसानभरपाई ठरली: दर गुलामामागें ३०० पेसो, आणि तीही धन्यास! सुमारें २५ हजार माणसांची ही किंमत चिंचा बेटांवरील पक्ष्यांच्या विष्ठेच्या, म्हणजे ग्वानो खताच्या, उत्पन्नांतून चुकविली गेली. ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला त्यांच्या हातीं कवडीही पडली नाहीं. हिंदुस्थानांत १८४३ च्या कायद्यानें गुलामाच्या धन्याचा हक्क कोर्टांनीं मानूं नये एवढेंच ठरविलें. तो उपाय लंगडा खरा, पण त्यांत धन्यास बक्षीस तरी नव्हतें.

मळ्यांवरील कामकरी मग आले कोठून? चीनमधून. १८४९ चा कायदा कास्तियाच्याच कारकीर्दीतला; कुली आणणारास दरडोई ३० पेसो सरकार देई, आणि कुलीस आठ वर्षांचा करार असे. असल्या कराराचा अर्थ मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या आपल्या मराठी माणसांच्या वंशजांस सांगावा लागणार नाहीं. १८५६ त कास्तियानें ही आयात थांबविली, पण १८६१ त ती पुन्हां सुरू झाली; १८७४ पर्यंत नव्वद हजारांच्या आसपास चिनी माणसें त्या देशीं उतरलीं. इंडियनांवरील करही १८६६ त दुसऱ्या नांवानें परत आला.

तरीही त्यास केवळ संधिसाधु म्हणणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. सत्ता हातीं आल्यावर त्यानें तीं फर्मानें मागें घेतलीं नाहींत. त्याच्या अमलांत झालेली १८६० ची राज्यघटना मधला थोडा काळ सोडल्यास १९२० पर्यंत चालली. १८६७ त प्रादो याच्या सरकारनें ती बाजूस सारली, तेव्हां वयाच्या सत्तराव्या वर्षीं हा म्हातारा तिच्या नांवानें पुन्हां घोड्यावर बसला. आणि ३० मे रोजीं तारापाकाच्या वाळवंटांत, तिलिविचे येथें, वाटेंतच मरण पावला.