संशय आणि पुरावा

‘संशयिताला अटक’ या बातमीला वर्तमानपत्रात ठळक मथळा मिळतो. त्याच माणसाला दोषारोपपत्र दाखल न करता सोडून दिल्याची बातमी मात्र आतल्या पानावरही क्वचितच आढळते. आढळली, तर वाचकाच्या मनात दोन तर्क उमटतात. पोलिसांनी निरपराध माणसाला उगाच धरले, हा एक आणि कोणाचा तरी वशिला लागला, हा दुसरा. यांपैकी एखादा तर्क कधीकधी खराही असतो. परंतु दोहोंच्या मुळाशी एक समान गैरसमज आहे. अटक झाली म्हणजे तपास पुरा झाला, असे आपण धरून चालतो. वास्तविक अनेक प्रकरणांत तपासाला तेथून आरंभ होतो.

अटकेसाठी आणि खटल्यासाठी कायद्याने वेगवेगळी मापे ठरविली आहेत. दखलपात्र गुन्ह्यात वॉरंटाशिवाय अटक करण्यास वाजवी संशय पुरेसा असू शकतो. दोषारोपपत्र ठेवण्यास मात्र पुरावा लागतो. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक केलेल्या व्यक्तीस, प्रवासाचा वेळ वगळता, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते. या अवधीत आणि पुढे मिळालेल्या कोठडीच्या काळात साक्षीदारांचे जबाब, कॅमेऱ्यातील चित्रण, मोबाइलच्या नोंदी, ओळखपरेड अशा मार्गांनी संशयाची पारख होते. कधी साक्षीदाराची ओळख चुकलेली निघते, तर कधी संशयित त्या वेळी अन्यत्र असल्याचे सिद्ध होते. काही वेळा फिर्यादच खोटी ठरते. पुरावा अपुरा असेल तर बंधपत्र घेऊन त्या व्यक्तीस सोडावे, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १६९ सांगत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम १८९ मध्ये आहे. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. फिर्याद हेतुपुरस्सर खोटी. किंवा ती गैरसमजातून दिलेली, असे निष्कर्ष महाराष्ट्रात अनुक्रमे ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ समरीच्या रूपाने न्यायालयापुढे ठेवले जातात.

याखेरीज प्रतिबंधात्मक अटकेचा एक प्रकार आहे. बंद, मोर्चा किंवा तणाव यांच्या काळात दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून काहींना ताब्यात घेतले जाते आणि २४ तासांच्या आत सोडले जाते. तेथे खटला भरण्याचा हेतू मुळातच नसतो.

म्हणून दोषारोपाविना झालेली सुटका हे पोलिसांच्या अपयशाचे लक्षण मानणे अन्यायाचे आहे. पहिल्या संशयालाच चिकटून राहून त्याच्याभोवती पुरावा गोळा करणारा अधिकारी अधिक धोकादायक होय. आपला संशय चुकला असे कागदावर नोंदविण्यास धैर्य लागते, आणि कायद्याने त्यासाठी वाट मोकळी ठेवली आहे. प्रश्न विचारायचा तो सुटकेआधीच्या अटकेविषयी. ती आवश्यक होती काय?

याचे उदाहरण वसई तालुक्यातील उमेळ्याच्या रहिवाशाला दूर शोधावे लागत नाही. त्याच रेल्वेमार्गावर उत्तरेस पालघर आहे. २०१२ मध्ये ते ठाणे जिल्ह्यात होते. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. मुंबई व परिसर बंद होता. त्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला आणि दुसरीने तो मजकूर पसंत केला. जमाव संतापला, तिच्या नातलगाच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. पोलिसांनी १९ नोव्हेंबर रोजी दोघींना अटक केली. भारतीय दंड संहितेचे कलम ५०५(२) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ लावण्यात आले. त्याच दिवशी त्यांना जामीन मिळाला. पुढे पोलीस अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, दोषारोपपत्र दाखल झाले नाही आणि २०१३ च्या आरंभी प्रकरण बंद झाले. या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६अ घटनाबाह्य ठरविले.

येथे तपासून पाहावे असे काय होते? मजकूर सर्वांसमोर होता, लिहिणारी ओळखीची होती. दोन्ही कलमांखालील शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. अशा गुन्ह्यात अटकेची आवश्यकता लेखी नोंदवावी, अन्यथा हजर राहण्याची नोटीस द्यावी, ही तरतूद २०१० मध्येच अमलात आली होती. तरीही अटक झाली. जमावाला शांत करण्याचे साधन म्हणून अटक वापरली गेली, असाच निष्कर्ष यातून निघतो.

ही वृत्ती जुनी आहे. राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या तिसऱ्या अहवालात सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक अथवा असमर्थनीय असल्याचे नमूद केले होते. त्याचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जोगिंदर कुमार खटल्यात स्पष्ट केले की, अटकेचा अधिकार असणे वेगळे आणि तो वापरण्याचे समर्थन असणे वेगळे. २०१४ च्या अर्नेश कुमार निर्णयाने सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे बजावले.

उमेळ्यासारख्या, शहरात सामील होऊनही माणसे एकमेकांना नावाने ओळखणाऱ्या गावात या निर्णयांचे मोल अधिक आहे. दारात पोलिसांची गाडी थांबली की ते आळीभर कळते. समरी मंजूर झाल्याचे कोणाला कळत नाही. नोकरी, सोयरीक, भाड्याची खोली या सर्व ठिकाणी अटकेची आठवण आडवी येते. म्हणून ज्या माणसाविरुद्धचा तपास पुराव्याअभावी थांबला, त्याला तसे लेखी पत्र तत्परतेने मिळाले पाहिजे. अटकेची बातमी देणाऱ्या वर्तमानपत्रानेही सुटकेची बातमी तितक्याच जागेत छापावी.

काही जबाबदारी आपल्या भाषेवरही येते. संशयित, आरोपी आणि दोषी हे तीन शब्द एकाच माणसाच्या तीन भिन्न स्थिती सांगतात, आणि दोषी ठरविण्याचा अधिकार केवळ न्यायालयाचा आहे. ‘गुन्हेगार गजाआड’ असा मथळा अटकेच्या दिवशी देणारा बातमीदार तो अधिकार आपल्या हाती घेतो. तो मथळा वाचून शेजाऱ्याशी बोलणे टाकणारा वाचक त्या निकालाची अंमलबजावणी करतो.