सॅलरी स्लिप नसलेल्या माणसाचं घर

मला होम लोन घ्या म्हणून दर आठवड्याला कुणाचा तरी फोन येतो. मला घर घ्यायचं नाहीये. ज्याला घ्यायचंय त्या माझ्या मामाला मात्र कुणी फोन करत नाही! मामाचं जयसिंगपुरात हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. इतक्या वर्षांत घरभाडं एकदाही थकवलेलं नाही. पण एका बँकेत विचारलं, "फॉर्म १६ आहे का?" संपला विषय.

आता गंमत बघा. शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलेली ही व्यापारपेठ. इथे गल्ल्यावर जगणारी माणसं भरपूर. त्यांची ऐपत नाही असं नाही, ऐपतीचा कागद नाही.

मग पर्याय काय? सरकारी बँकेत व्याज कमी, पण कागद कडक. नागरी सहकारी बँकेत माणूस ओळखीचा असतो, दुकान त्यांनी पाहिलेलं असतं. छोट्या नागरी बँकांना एका घरासाठी ३० लाखांपर्यंतच कर्ज देता यायचं, ती मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०२२ साली ६० लाख केली. आपल्या गावाला तेवढं पुष्कळ झालं. तिसरा पर्याय हाउसिंग फायनान्स कंपन्यांचा. त्यातल्या काही दुकानात येऊन, वह्या बघून उत्पन्नाचा अंदाज बांधतात. सोय चांगली, पण फुकट नाही. १५ लाख, २० वर्षं धरा. ९ टक्क्यांनी हप्ता १३,४९६ रुपये, १२ टक्क्यांनी १६,५१६. एक्सेलमध्ये टाकून बघा, एकूण फरक सव्वासात लाखांच्या आसपास जातो. कागद नसल्याचा हा दंडच की!

शिवाय जागेची भानगड वेगळीच. स्वस्त म्हणून घेतलेला प्लॉट गुंठेवारीतला निघाला तर कर्ज अडतं. राज्याने २०२१ साली कायदा बदलून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची वाट मोकळी केली. तेव्हा इसार देण्याआधी नियमितीकरणाचा दाखला मागा, नंतर नाही.

माझं म्हणणं साधं आहे. आज टपरीवरसुद्धा क्यूआर कोड लटकतोय. रोजची आवक खात्यात दिसते. ग्राहकाच्या संमतीने खात्याची माहिती थेट बँकेला देणारी अकाउंट अ‍ॅग्रिगेटर व्यवस्था २०२१ पासून चालू आहे. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची उरलेली नाही, सवयीची आहे. बँकांनी फॉर्म १६ च्या पलीकडे बघायला शिकलं पाहिजे.

पण टाळी एका हाताने वाजत नाही. इन्कम टॅक्सला दोन लाख दाखवायचे आणि बँकेला म्हणायचं आठ कमावतो, हे कसं चालेल? घर घ्यायच्या दोन-तीन वर्षं आधीपासून खरं रिटर्न भरा, रोख खात्यात जमा करा, वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट बघून चुका दुरुस्त करून घ्या. कुटुंबाचं उत्पन्न ९ लाखांपर्यंत असेल आणि पक्कं घर कुठेच नसेल, तर २०२४ च्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये जास्तीत जास्त १.८० लाख व्याज अनुदान आहे. त्यात घराची किंमत ३५ लाखांच्या आत लागते. त्याचीही चौकशी करा.

आणि तीन ठिकाणी विचारल्याशिवाय कुठेही सही करू नका. भाजी घेताना आपण तीन गाडे फिरतो, मग वीस वर्षांचा हप्ता घेताना एवढी घाई कशाला?