भाजल्यानंतरचे तीन दिवस

भाजल्याची जखम चटका बसताच पूर्ण होत नाही. मृत कातडीभोवती रक्तप्रवाह मंदावलेला, परंतु अद्याप जिवंत असा एक पट्टा असतो, हे ब्रिटिश शल्यविशारद डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले. पुढील दोन-तीन दिवसांत हा पट्टा वाचला तर जखम उथळ राहते. मेला तर ती खोल जाते.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर या दिवसांचे मोल अधिकच आहे. मोठे रुग्णालय गाठण्यास तेथून वेळ लागतो. तोवर गार पाणी वीस मिनिटे ओतत राहावे, हे निर्विवाद आहे. त्यानंतर जखमेवर काय लावावे, हा प्रश्न मात्र प्रयोगानेच सुटावयाचा.

महाराष्ट्रात असे प्रयोग झाले आहेत. मुंबईत डॉ. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी पुढे आणली. सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये १०४ रुग्णांवरील मधाचा अनुभव प्रसिद्ध केला. शीवच्या रुग्णालयातील केळीच्या पानाचे निष्कर्ष २००३ मध्ये आले. या प्रयोगांनी प्रामुख्याने जखम भरून येणे आणि वेदना यांचा विचार केला; ती खोल जाण्याचे थांबते काय, हा प्रश्न निराळा आहे.

त्याची चाचणी जेथे गरज आहे तेथेच व्हावयास हवी. मात्र ती रुग्णाला त्याच्या बोलीत समजावून, संमती घेऊन आणि प्रस्थापित उपचाराशी तुलना करूनच व्हावी. स्वस्त आहे म्हणून आदिवासींना पुरेसे आहे, हा न्याय नव्हे. ते गुणकारी ठरले, तरच स्वस्ताईला अर्थ.