शेकरूची वाट

पुणे शहराच्या उत्तरेस, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर भीमाशंकराचे देवस्थान वसले आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून त्याची ख्याती आहे, आणि भीमा नदीचा उगमही तेथेच होतो. देवालयाभोवतीचे घनदाट अरण्य पुणे, ठाणे व रायगड या जिल्ह्यांत पसरलेले असून १९८५ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू या अरण्यात नांदतो.

शेकरू म्हणजे एक मोठी खारच होय. तांबूस पाठ, फिकट पोट आणि लांब झुपकेदार शेपूट यांमुळे तो चटकन ओळखू येतो. उंच झाडांवर काटक्या व पाने रचून तो घरटे बांधतो. फळे, फुले व बिया खाऊन निर्वाह करतो. आणि या झाडावरून त्या झाडावर झेप घेत हिंडतो. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. एकमेकींत गुंतलेल्या फांद्या हाच त्याचा राजमार्ग. रस्ता रुंद करण्यासाठी दहा झाडे तोडली, तर माणसाला ती हानी क्षुल्लक वाटते. शेकरूची मात्र वाटच खुंटते.

हे अरण्य आजवर टिकले कशामुळे? वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला. परंतु त्यापूर्वी कित्येक पिढ्या येथील लोकांनी देवराया राखल्या होत्या. देवाच्या नावाने सोडलेल्या रानावर कुऱ्हाड चालवायची नाही, असा त्यांचा दंडक होता. डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून या प्रथेचे मोल जगापुढे मांडले. श्रद्धेने जे राखले, त्यालाच पुढे कायद्याने आधार दिला.

आज त्याच श्रद्धेच्या नावाने अरण्यावर भार पडत आहे. श्रावणात आणि महाशिवरात्रीस भाविकांची अलोट गर्दी लोटते. पावसाळ्यातील सुट्टीच्या दिवशी पुण्याहून सहलीला येणाऱ्यांच्या मोटारींची रीघ लागते. कर्णे वाजतात, प्लॅस्टिकच्या पिशव्या व बाटल्या रानात पडतात. माकडांना कौतुकाने खाऊ दिला जातो; मग ती रानातला आहार सोडून माणसांच्या हातातील पिशव्यांवर झडप घालू लागतात. माणसाच्या लेखी ती दया असते, पण तिने प्राण्याचा स्वभावच बिघडतो.

अभयारण्याचे नियम कडक करावेत, असे कोणी म्हणेल. ते योग्यच आहे. परंतु त्या नियमांचा जाच कोणाला होतो, हेही पाहिले पाहिजे. येथील महादेव कोळी समाज पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरांत राहत आला आहे. हिरडा गोळा करून विकणे हे त्याच्या उपजीविकेचे एक साधन आहे. डोक्यावरून जळणाची मोळी नेणाऱ्या बाईला अडवावे, आणि एका दिवसाच्या करमणुकीसाठी रुंद रस्ता व उपाहारगृह मागणाऱ्या शहरवासीयाला मोकळे सोडावे, हा न्याय नव्हे. ज्याची गरज कमी, त्याने आधी संयम पाळावा, हाच खरा धर्म होय.

म्हणून यात्रा बंद करावी असे नाही. खासगी वाहने दूर ठेवून सार्वजनिक गाडीने वर जावे. नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी. रानातील प्राण्यांना काहीही खाऊ घालू नये. एवढे पाळणे कोणाही यात्रेकरूला अवघड नाही. नवा रस्ता वा इमारत उभारण्यापूर्वी झाडांची सलगता तुटणार नाही ना, हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे.

अभयारण्याची सीमा नकाशावर आखता येते, पण शेकरूला नकाशा वाचता येत नाही. त्याचे रक्षण सीमेवरील फलकाने होणार नाही. ते सीमेपाशी येणाऱ्या माणसाच्या वागण्याने होईल. देवाच्या दर्शनाला जाणाऱ्याने देवाचे रानही जसेच्या तसे राखावे, यातच त्याच्या भक्तीची खरी कसोटी आहे.