अम्मींचा चष्मा

वाशीहून सोलापूरला नेऊन आमच्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन केलं. तिसऱ्या रात्री अम्मी सलाईन ओढू लागल्या, मला म्हणाल्या, ‘तू कोण?’ कुणी म्हणालं वात झालाय, कुणी ताईत आणला. सकाळी बऱ्या, संध्याकाळी पुन्हा तेच.

डॉक्टर म्हणाले, हा डिलिरियम. म्हातारपणचा विसर वर्षानुवर्षं वाढतो. हा एका दिवसात येतो, तासागणिक बदलतो. मेंदूत लक्ष टिकवणारं अ‍ॅसिटिलकोलिन कमी पडतं, डोपामिन वाढतं, असं मानतात. कारण जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, कमी पडलेलं पाणी, काहीही असू शकतं. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या तर अ‍ॅसिटिलकोलिनचंच काम अडवतात. म्हणून घरून नेलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. (मी दाखवली नव्हती.)

अमेरिकेत येलच्या रुग्णालयातला, सत्तरी गाठलेल्या 852 रुग्णांचा अभ्यास 1999 साली छापून आला. नेहमीच्या देखभालीत 15 टक्के रुग्णांना डिलिरियम झाला. जिथे चष्मा, कानाचं यंत्र, पाणी, हिंडणं-फिरणं, रात्रीची झोप आणि दिवस-वाराची आठवण सांभाळली, तिथे 9.9 टक्के.

अम्मींचा चष्मा तीन दिवस माझ्या पर्समध्ये होता. लावून दिला, तेव्हा त्यांनी आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग विचारलं, ‘जोहरची अजान झाली का गं?’