नस्तीत पुराव्याचा परिच्छेद कुठे आहे?

सेवेत येऊन फार वर्षे झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. एका जिल्ह्याच्या मासिक आढावा बैठकीत आरोग्याचा तक्ता माझ्यासमोर आला. 'मातामृत्यू' या रकान्यात सलग तीन महिने शून्य होते आणि त्याबद्दल बैठकीत अभिनंदनही झाले. त्याच दुपारी रस्त्याच्या कामाची पाहणी करण्यासाठी गेलो असता एका वस्तीत दहा-बारा दिवसांचे मूल मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी दिसली. मुलाची आई बाळंतपणात गेली होती. परतल्यावर विचारणा केली. उत्तर मिळाले, "साहेब, ती माहेरी वारली. आपल्याकडे तिची नोंद होत नाही." माहेरच्या गावी विचारले असते तर ती सासरची, असे उत्तर मिळाले असते. बाई मेली होती, पण दोन्ही तक्त्यांत ती मेलेली नव्हती.

त्यानंतर अनेक वर्षे अनेक खुर्च्यांवर बसलो. आता माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, आरोग्याचे धोरण ठरवताना शासनाने केवळ स्वतःच्या आकड्यांवर आणि स्वतःच्या अधिकाऱ्यांच्या अनुभवावर विसंबणे हा निष्काळजीपणा आहे. शासनाबाहेर मोजणारे, तपासणारे आणि एकमेकांशी जोडलेले लोक हवेत, आणि त्यांचे म्हणणे नस्तीत येण्याचा हक्काचा मार्ग हवा. यातील पहिली गोष्ट आपल्या देशात बऱ्यापैकी आहे. दुसरी जवळजवळ नाही.

आपल्यापैकी जे महाराष्ट्राबाहेर राहतात त्यांना एक मराठी उदाहरण आठवत असेल. रायपूरहून ते फार दूरचे नाही. १९५६ पर्यंत रायपूर आणि चांदा हे एकाच राज्यातले जिल्हे होते आणि राजधानी नागपूर होती. त्या चांद्यातून पुढे वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा आजही छत्तीसगडला लागून आहे. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावर शासकीय वर्तुळातील पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती : गडचिरोली म्हणजे काही सारा देश नव्हे.

या आक्षेपाला एकटी संस्था उत्तर देऊ शकत नाही. जाळे देऊ शकते. महाराष्ट्रातील १३ स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या, त्यांनी आपापल्या भागातील जन्म आणि मृत्यू एकाच पद्धतीने मोजले आणि २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी नोंदींत बालमृत्यूंचा मोठा भाग उतरतच नाही, हे त्याने दाखवून दिले. आता ही गोष्ट एका जिल्ह्याची राहिली नव्हती. विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत गदारोळ झाला आणि शासनाला डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. दुसरीकडे गृहाधारित उपचारांची पद्धत राज्यातील इतर संस्थांनी आपल्या भागांत करून पाहिली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अन्य राज्यांत तपासली आणि २०११ साली ती राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली. १९९९ ते २०११ म्हणजे बारा वर्षे. जाळे नसते तर ही बारा वर्षे किती झाली असती, याचा विचार वाचकांनी करावा. आणि जाळ्याला दारातच थांबावे लागले नसते तर ती किती कमी झाली असती, याचाही करावा.

आता रायपूरकडे येतो. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले तेव्हा आरोग्य विभागाजवळ डॉक्टर कमी होते, इमारती कमी होत्या आणि संचालनालय नव्याने उभे राहत होते. त्या अडचणीतून एक शहाणपणाची गोष्ट घडली. राज्य शासन आणि स्वयंसेवी क्षेत्र यांच्यातील करारातून २००२ साली रायपूरला राज्य आरोग्य संसाधन केंद्र स्थापन झाले. डॉ. टी. सुंदररामन त्याचे पहिले संचालक. हे केंद्र विभागाचे कार्यालय नव्हते आणि विभागाच्या बाहेरचेही नव्हते. सचिवांच्या बैठकीत त्याला जागा होती, पण त्याचे लोक पदोन्नतीसाठी सचिवांवर अवलंबून नव्हते. गनियारीचे जन स्वास्थ्य सहयोग, 'रूपांतर' यांसारख्या, गावात काम केलेल्या संस्थांचा अनुभव या विचारविनिमयात उतरला. त्यातून 'मितानीन' कार्यक्रम आकाराला आला. मितानीन म्हणजे छत्तीसगडी रीतीने जोडलेली जिवाची मैत्रीण. प्रत्येक वस्तीने आपली मितानीन निवडायची आणि तिच्या पाठीशी शिक्षण व आधार सतत ठेवायचा, हे त्याचे सूत्र. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील 'आशा' या कल्पनेमागे मितानीनचा अनुभव होता. आज राज्यात सुमारे ७० हजार मितानीन आहेत.

हेच राज्य पुराव्याकडे पाठ फिरवल्यास काय होते तेही दाखवते. २००१ साली येथे ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू झाला. सुरू करतानाही पुरेशी तयारी नव्हती. खाजगी महाविद्यालयांवर भिस्त, पदविकेच्या नावात वारंवार बदल, विद्यार्थ्यांची आंदोलने, आणि डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध. काही तुकड्यांनंतर प्रवेश थांबले. जे उत्तीर्ण झाले त्यांना ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले गेले. नंतर पब्लिक हेल्थ फाउंडेशन, राष्ट्रीय आरोग्य व्यवस्था संसाधन केंद्र आणि रायपूरचे केंद्र यांनी मिळून अभ्यास केला. मलेरिया, न्यूमोनिया, क्षयरोग, गरोदरपणातील रक्तदाब अशा नेहमीच्या रुग्णांच्या बाबतीत कोण किती योग्य निदान व उपचार करतो, हे तपासले. २०१० साली निष्कर्ष आला : हे सहायक एम.बी.बी.एस. डॉक्टरांच्या तोडीस तोड ठरले.

पण तोवर अभ्यासक्रम बंद झाला होता. तो चालू करताना कोणी पुरावा मागितला नाही, बंद करतानाही मागितला नाही. पुरावा आला तो मर्तिकाला आलेल्या पाहुण्यासारखा. पुढे २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात मर्यादित परवान्याच्या सामुदायिक आरोग्य सेवकाची तरतूद झाली आणि तेच वाद पहिल्या पानापासून पुन्हा सुरू झाले. रायपूरचा अनुभव जणू दुसऱ्या देशातला होता.

आणि ८ नोव्हेंबर २०१४. बिलासपूर जिल्ह्यात सकरी येथे नसबंदी शिबिरात एका शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांतील १३ जणी दगावल्या. एका शल्यचिकित्सकाने दिवसाला ३० हून अधिक शस्त्रक्रिया करू नयेत, हा केंद्राचा दंडक कागदावर कधीच आलेला होता. म्हणजे ज्ञान होते, नियमही होता. एकतिसाव्या स्त्रीला टेबलावर घेताना 'थांबा' म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस तेथे नव्हता. उद्दिष्टाचा आकडा मात्र सर्वांना पाठ होता. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्यास सांगितले. जे काम आरोग्य प्रशासनाने करायचे ते न्यायालयाला करावे लागले.

माझे सहकारी तीन आक्षेप घेतात. पहिला, संशोधनाला वेळ लागतो आणि निर्णय उद्या हवा असतो. खरे आहे. म्हणूनच जाळे आधीपासून विणलेले हवे. विहीर तहान लागल्यावर खणायची नसते. बस्तरमध्ये २०२० साली घरोघर मलेरियाची तपासणी सुरू झाली, तेव्हा बाधित सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना कोणतेही लक्षण नव्हते. ताप आल्यावरच रक्त तपासण्याची जुनी रीत किती अपुरी होती, हे त्यातून दिसले. अशी माहिती देणारी माणसे निर्णयाच्या दिवशी शोधून सापडत नाहीत.

दुसरा आक्षेप, धोरण हा शेवटी राजकीय निर्णय असतो. तोही मान्य. पैसा बस्तरला द्यायचा की रायपूरला, हे शास्त्रज्ञाने ठरवू नये, लोकप्रतिनिधीनेच ठरवावे. परंतु एका निर्णयाने किती बालके वाचतील आणि दुसऱ्याने किती, हे त्याला माहीत असले पाहिजे, आणि माहीत असूनही वेगळा निर्णय घेतला तर त्याचे कारण लिहिले पाहिजे.

तिसरा आक्षेप कोणी उघडपणे मांडत नाही : हे लोक टीका करतात. होय, करतात. 'कोवळी पानगळ' शासनाला सुखावण्यासाठी लिहिलेली नव्हती. केवळ सादरीकरण करून मानधन घेणारा सल्लागार आपल्या शून्याला शून्यच म्हणेल, आणि ती बाई दोन्ही तक्त्यांतून निसटतच राहील.

संशोधकांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. ज्या गावात रक्ताचे नमुने घेतले त्या गावाला निष्कर्ष कळवायचा नाही, तो परदेशी नियतकालिकात इंग्रजीत छापायचा, आणि मग शासन ऐकत नाही म्हणून खंत करायची, हे बरे नव्हे. उपसचिवाच्या टेबलावर दोन पानांची हिंदी टिप्पणी पोहोचवणे हेही शास्त्राचेच काम आहे.

माझी मागणी साधी आहे. वित्त विभागाचे मत घेतल्याशिवाय खर्चाचा प्रस्ताव मंत्रिमंडळासमोर जात नाही. तसाच आरोग्याच्या प्रत्येक प्रस्तावात पुराव्याचा एक परिच्छेद सक्तीचा करावा : काय ज्ञात आहे, कोठे तपासले आहे, काय अज्ञात आहे. तो परिच्छेद लिहिण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालये, रायपूरचे एम्स, राज्य आरोग्य संसाधन केंद्र आणि गावात काम करणाऱ्या संस्था यांचे कायम जाळे असावे. त्याला निश्चित मुदतीचा निधी असावा, म्हणजे सचिव बदलला की ते कोसळणार नाही. आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागू नये. शिवाय ते निष्कर्ष हिंदी, छत्तीसगडी, गोंडी आणि हलबी बोलणाऱ्यांना कळतील अशा भाषेत सांगितले जावेत.

यासाठी नवा आयोग नको, नवी इमारत नको. नस्तीत एक परिच्छेद वाढवायचा आहे. तो लिहावा लागला की, रकान्यातले शून्य कोणी मोजले आणि कसे मोजले, हे कोणाला तरी विचारावेच लागेल. त्या म्हाताऱ्या आजीला मी त्या दिवशी काहीही सांगू शकलो नव्हतो. तिची सून आमच्या कागदावर जिवंतच होती.